निळ्या चौकडीचं कापड

लीड्सच्या चॅपलटाउन भागातल्या चर्चच्या हॉलात महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीनला सिनेमा असायचा. सिनेमा संपला की पहिलं बोलायचं ते हॉलातल्या सगळ्यात थोरल्या माणसानं, असा तिथला नियम होता. थोरलं माणूस बोलून खाली बसेपर्यंत दिवे पुरते लावायचे नाहीत आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी रांग लावायची नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच नक्की आठवत नव्हतं, पण मोडायची छाती कुणाची नव्हती. कारण गेली सहा वर्षं हॉलातलं सगळ्यात थोरलं माणूस म्हणजे मिस एडिना होत्या, आणि मिस एडिनांसमोर कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून लीड्सला आलेली निम्मी मंडळी अजून टोपी हातात घेऊन बोलायची.

मिस एडिना पंच्याऐंशीच्या. बेटावर थोरल्या बाईला, लग्न झालेलं असो नसो, मिसच म्हणायचे. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसायच्या, मागच्याला दिसो न दिसो, डोक्यावरची हॅट काढायच्या नाहीत. सिनेमा कुठलाही असू दे. हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा असू दे, घानाच्या स्वातंत्र्याचा असू दे, नाहीतर आपल्याच बेटावरच्या ऊसमळ्यांचा. सिनेमा संपला की त्या उठायच्या, काठीवर दोन्ही हात ठेवायच्या, "हे बघून मला एक आठवलं," म्हणायच्या आणि तिथून थेट लीड्सच्या कोटांच्या कारखान्यात येऊन पोचायच्या. हैतीहून लीड्सला इतक्या झटपट यायचा रस्ता फक्त त्यांनाच ठाऊक होता.

गोष्ट ठरलेली होती. सत्तावन्न साल. एक सुटकेस, कागदावर लिहिलेला एक पत्ता. सात घरमालकिणींनी दार उघडलं आणि तोंड बघून लावून घेतलं, आठवीनं जिन्याखालची खोली दिली. कारखान्यात मुकादमीण मशीनला हात लावू देईना, म्हणून कोटांना बटणं लावायला बसवलं. तीन महिन्यांत त्या मजल्यावर एडिनाइतक्या झपाट्यानं बटण लावणारं कुणी उरलं नाही. आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून, "एकटा जीव होते मी. मागेपुढे कुणी नव्हतं." इथं हॉलात हुंकार उमटायचे, कुणीतरी डोळे पुसायचं, आणि दिवे लागायचे.

खिडकीपलीकडे स्वयंपाकघरात गोट वॉटर ढवळत उभी असलेली इसिल्मा हे दर महिन्याला ऐकायची. गोट वॉटर म्हणजे बोकडाच्या मटणाचा लवंगा घातलेला पातळ रस्सा, कपात वाढायचा आणि पावाबरोबर खायचा. सत्तावन्न साली मिस एडिनांच्या मागे कुणी नव्हतं असं नाही. मागे चार वर्षांची इसिल्मा होती.

पहिल्या एकदोनदा ते वाक्य आलं तेव्हा तिचा हात थांबला होता. पुढं थांबेनासा झाला. रागबिग म्हणाल तर तो नव्हता. काहीच नव्हतं, हेच खरं. दवाखान्याच्या वॉर्डात तीस वर्षं मदतनीस म्हणून काढल्यावर माणसाला काही वाटेनासं होतं, असं ती विचारणाऱ्याला सांगायची. पण तिला काही वाटेनासं झालं होतं ते वॉर्डात पाऊल टाकायच्या कितीतरी आधीपासून.

हॉलातल्या तरुण मंडळींना ही मिस एडिनांची मुलगी आहे हे माहीत नव्हतं. कळणार कुठून? इसिल्मा त्यांना मिस एडिना म्हणायची, अहोजाहो करायची. तिला वाढवलं आजीनं, तेव्हा आजी ती ममा. आई म्हणजे पार्सलवरचा पत्ता. बेटावर निम्म्या घरांत हेच चालायचं, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. तेराव्या वर्षी इंग्लंडला आली तेव्हा घरात दोन लहान भाऊ होते, सात आणि पाच वर्षांचे, दिवसभर मम, मम करत फिरणारे. तो शब्द त्यांचा होता. वर भाड्यानं राहणारे लोक मिस एडिना म्हणायचे, म्हणून तीही मिस एडिना म्हणायला लागली. कुणी तिला दुरुस्त केलं नाही. ज्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं त्यातले बरेचसे गेले, आणि जे होते ते दुसऱ्याच्या घरातलं बाहेर बोलणारे नव्हते.

त्या मार्चमधल्या रविवारी डिओन जरा लवकरच आली. डिओन शाळेत शिकवायची आणि हे सिनेमे ठरवणं, आणणं, लोकांना फोन करून गोळा करणं सगळं तीच करायची. तिशीची, चटपटीत पोरगी. बोलायला लागली की समोरच्याला मध्ये शिरायला जागा ठेवायची नाही.

"आंटी, वास असा सोडलाय ना तुम्ही, लोक सिनेमा अर्धा टाकून इकडे येतील."

"आले तर पळी आहे हातात," इसिल्मा म्हणाली.

"आज रेकॉर्ड करणार आहे मी, सांगितलं का तुम्हाला? सिनेमानंतर जे जे बोलतील ते. शहराच्या लायब्ररीत ठेवणार आहेत, कायमचं. आज सिनेमाच तसा आहे. आईबाप इंग्लंडला आले आणि पोरं बेटावर आजीकडे ठेवली, मग आठ-दहा वर्षांनी बोलावून घेतली, त्या पोरांचा. आणि मिस एडिना तर शनिवारी बर्मिंगहॅमला चालल्या मुलाकडे. पुन्हा कधी सापडणार?"

"खरं आहे."

"तुम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं होईल बघा. किती वर्षं करताय त्यांचं?"

"अकरा."

"पोटची मुलगी करणार नाही इतकं केलंत तुम्ही." डिओननं तिच्या दंडावर हात ठेवला. "मी कागदावर तसं लिहिलंय पण. मिस एडिना लिबर्ड, आणि त्यांना सांभाळणाऱ्या इसिल्मा. चालेल ना?"

इसिल्मानं पळीत रस्सा घेऊन तिच्यापुढे धरला. "मीठ बघ जरा," ती म्हणाली.

बर्मिंगहॅमचं भावांनी ठरवलं होतं. इसिल्माच्या गुडघ्यांनी हात टेकले होते, मिस एडिनांना आंघोळीला उठवताना दोघी एकदा पडल्या होत्या. धाकट्याच्या घरी खालच्या मजल्यावर खोली होती. सगळं रास्त होतं. इसिल्मानं हो म्हटलं आणि त्या संध्याकाळी ती कपाटातले कपडे घड्या घालून ठेवत बसली.

तिला एकच गोष्ट हवी होती. ती तिनं कधी मागितली नव्हती आणि मागणारही नव्हती, कारण मागून मिळाली असती तर तिला काही अर्थ नव्हता. मिस एडिनांनी एकदा, चार माणसांत, म्हणावं: हिला मी मागे ठेवून आले. बस. माफी नको, रडणं नको. नऊ वर्षं का लागली तेही नको, ते तिला ठाऊक होतं. आधी पैसे नव्हते, मग खोली नव्हती, मग नवरा होता. फक्त ते एक वाक्य. शनिवारनंतर ते कुठून यायचं? म्हणजे जे काय व्हायचं ते आज. तिनं हे अगदी कोरडेपणानं मनाशी मांडलं आणि पाव कापायला घेतले.

लोक जमले. बाहेर वारा होता, जो तो कोट झटकत आत येत होता. मिस एडिनांचा कोट इसिल्मानं नेहमीसारखा रेडिएटरवर टाकला, म्हणजे निघताना गरम मिळेल. स्वतःचा तिनं बाहेरच्या दाराशी खुंटीला अडकवला, जिथं फटीतून वारा यायचा. तिथं दुसरं कुणी कोट ठेवायचं नाही. इसिल्माला गरम कोट अंगावर घेतलेला चालायचा नाही, दुकानातही दुसऱ्या कुणी नुकताच घालून बघितलेला ती हातात धरायची नाही. ही तिची तऱ्हा सगळ्यांना माहीत होती आणि कुणी कारण विचारलं नव्हतं.

कारण होतं ते सहासष्ट सालच्या नोव्हेंबरातलं.

मिस एडिनांनी बेटावर चार वार कापड पाठवलं होतं, निळ्या चौकडीचं. चिठ्ठीत लिहिलं होतं, पोरीला याचाच झगा शिवून घाला, म्हणजे मला बंदरावर ओळखू येईल. फोटो जुना होता, मधल्या काळात पोर कशी दिसायला लागली ते त्यांना ठाऊक नव्हतं. आता चार वार कापड घरात आल्यावर एकाच पोरीला झगा शिवून उरलेलं पेटीत टाकायचं, हे नेव्हिसला कुठल्या आजीला जमलं असतं? शेजारच्या मिस अर्नेस्टीनची नात मर्लिन त्याच बोटीनं लेस्टरला चालली होती. ममानं दोघींना झगे शिवले. एकसारखी कॉलर, एकसारखे खिसे. मिस अर्नेस्टीननं बदल्यात एक कोंबडी दिली.

साउदॅम्प्टन बंदराच्या शेडमध्ये दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. गर्दीतून एक बाई पुढं आली, हातात तपकिरी कोट घेऊन. ती मर्लिनपाशी गेली. तिला छातीशी धरलं, कपाळाचे, गालांचे मुके घेतले, कोट घातला आणि खालपासून वरपर्यंत पाचही बटणं लावली. इसिल्मा हातभर अंतरावर उभी होती. बाई कोण हे तिला लगेच कळलं, पण आपण बोलावं की नाही ते कळेना. मग मर्लिनची आत्या धावत आली, चूक कळली, आजूबाजूचे लोक हसले. बाईनं मर्लिनची बटणं सोडवली, कोट उतरवला आणि इसिल्माला घातला. पुन्हा मिठी मारली नाही. ती एकदा होऊन गेली होती. कोट आतून गरम होता, मर्लिनच्या अंगाचा. इसिल्मा लीड्सपर्यंत त्या उबेत बसून आली आणि त्या दिवसापासून तिला फारसं काही वाटेनासं झालं.

यात दोष कुणाचा? कापडाचा. ममानं दोघींना एकच झगा शिवला, मिस एडिना फसल्या, साधी चूक. पन्नास वर्षं तिनं हे असंच धरलं होतं आणि ते धरायला सोयीचं होतं.

सिनेमा सुरू झाला. प्रोजेक्टर मिस्टर निस्बेट सांभाळायचे. एरवी त्यांचा वेळ डॉमिनो खेळण्यात आणि हरलेल्याला आठवडाभर डिवचण्यात जायचा. पडद्यावर इसिल्माच्याच वयाच्या बायका आपापल्या बैठकीच्या खोल्यांत बसून बोलत होत्या. एक म्हणाली, पत्रांत ती मला माझी लाडकी लिहायची, समोर आल्यावर म्हणाली, पाय पूस. दुसरी म्हणाली, मला आईचा राग नव्हता, मला तिची ओळखच नव्हती. हॉलात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. इसिल्मा खिडकीला कोपरं टेकून बघत राहिली. सगळं खरं होतं. एखाद्यानं आपल्याच घराचा पत्ता वाचून दाखवावा तसं ती ऐकत होती. तासाभरानं पडदा काळा झाला.

मिस्टर निस्बेटनी एकच दिवा लावला. डिओन मायक्रोफोन घेऊन पहिल्या रांगेशी गेली. रेकॉर्डरवर छोटा लाल ठिपका चालू होता.

"मिस एडिना, सुरुवात तुम्ही करा."

"थोडक्यात करा हं, मिस एडिना," मागून मिस्टर निस्बेट म्हणाले. "रस्सा आटतोय तिकडे."

"तुझं तोंड आटलं तर बरं होईल," मिस एडिना म्हणाल्या. लोक हसले. त्या उठल्या, काठीवर दोन्ही हात ठेवले. "हे बघून मला एक आठवलं."

इसिल्मानं कप मांडायला घेतले. सुटकेस, पत्ता, सात दारं, बटणं, मागेपुढे कुणी नव्हतं. साधारण सात मिनिटं लागायची.

"कारखान्यात एक बाई होती," मिस एडिना म्हणाल्या.

हे नवीन होतं. इसिल्माच्या हातात कप राहिला.

"तिची पोर अशीच बेटावर. नऊ वर्षांनी बोलावली. बाईनं रोज जेवणाच्या सुट्टीत बसून तिच्यासाठी कोट शिवला. माप माहीत नाही, तेव्हा मोठाच शिवला. कापड पाठवलं होतं झग्याला, ओळखायची खूण म्हणून. गेली बंदरावर. बघते तर एकाच कापडाच्या दोन पोरी."

कुणीतरी हसलं. "आजीचा उद्योग," एक म्हातारी म्हणाली.

"आजीचाच. तर बाई गेली ती दुसरीकडेच. तिलाच जवळ घेतलं, तिलाच कोट घातला. मग ज्याची त्याला मिळाली. पुढं ती सगळ्यांना सांगायची, कापडानं घोटाळा केला." मिस एडिना थांबल्या. त्यांना दम लागला होता, पण बसल्या नाहीत. "घोटाळा काही नव्हता. दारातून शिरल्या शिरल्या तिनं पोरीला ओळखलं होतं. कपाळ बाईच्या आईचं होतं, ते कसं चुकेल? आणि नजर पण आईचीच. नऊ वर्षांपूर्वी ही बोटीत चढली तेव्हा आई त्या पोरीला कडेवर घेऊन धक्क्यावर उभी होती, आणि अश्शीच बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती. तीच नजर घेऊन पोर उभी. आणि शेजारची पोरगी हसत होती, तिला काय, तिला कुणी टाकलेलं नव्हतं. बाईचे पाय तिकडे वळले. तिला वाटलं, एक मिनिट. एक मिनिटभर ही माझी असू दे, मग जाते तिकडे. सगळी बटणं लावली. हळूहळू लावली. एरवी ती बटणं फार झपाट्यानं लावायची."

डिओननं विचारलं, "त्या मुलीला कधी कळलं हे?"

"नाही. तिला अजून वाटतं, कापड."

"कोट गरम होता," इसिल्मा म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण हॉल इतका गप्प होता की ते सगळ्यांना ऐकू गेलं. साठ-पासष्ट माणसं खुर्च्यांवर वळून खिडकीकडे बघायला लागली. खिडकीत इसिल्मा, एका हातात कप.

"आंटी?" डिओन मायक्रोफोन घेऊन दोन पावलं इकडे आली. "तुम्ही ओळखत होता त्या मुलीला?"

इसिल्माला उत्तर येत होतं, तीन शब्दांचं होतं. पण ते तिनं द्यायचं नव्हतं. ती मिस एडिनांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. हॅट जागची हलली नव्हती. मागं मिस्टर निस्बेट मान खाली घालून प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते.

"तिला काय विचारतेस?" मिस एडिना म्हणाल्या. "मला विचार. इकडे आण ते."

डिओन परत गेली. मिस एडिनांनी मायक्रोफोनचा दांडा स्वतःच्या हातात घेतला.

"बाई कसली, मीच ती. आणि ती पोर तिकडे पळी घेऊन उभी आहे. इसिल्मा. माझी थोरली. चार वर्षांची होती, हिला मी मागे ठेवून आले. मागेपुढे कुणी नव्हतं म्हणून सांगत आले इतकी वर्षं, ते खोटं आहे. लायब्ररीत हे ठेव." त्यांनी दांडा परत दिला आणि खुर्ची चाचपत खाली बसल्या. "आता वाढा म्हणावं. माणसं उपाशी आहेत."

नियमाप्रमाणे दिवे लागले. पण रांग लावायला कुणी पुढं येईना. शेवटी इसिल्मानंच पळी भांड्यावर वाजवली, तेव्हा लोक उठले.

तिनं वाढलं. एक पळी, दोन तुकडे मटणाचे, वर पाव. साठ-पासष्ट कप म्हणजे बराच वेळ जातो. कुणी कप घेताना तिचा हात धरला, कुणी गालाला हात लावला, एकदोन बायका नुसत्या तोंडाकडे बघून पुढं सरकल्या. इसिल्मा सगळ्यांना "गरम आहे, सांभाळून," असं सांगत होती. मिस एडिनांचं ते वाक्य तिनं हवं होतं तसं, जिथं हवं होतं तिथं ऐकलं होतं. त्यात शब्दसुद्धा तिच्या मनातलेच होते. आता काहीतरी वाटायला हवं, असं वाटून तिनं वाट पाहिली. काही आलं नाही. उलट एक हिशेब मात्र डोक्यात आपोआप होत गेला: कापडाची चूक होती तोवर कुणी तिला नाकारलेलं नव्हतं. हवं होतं ते मिळालं आणि त्याच हातानं नको होतं तेही मिळालं. पन्नास वर्षं ज्याच्यावर भार टाकला होता ते चार वार कापड आता निर्दोष सुटलं होतं. तिला रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती.

डिओन रांगेत सगळ्यात शेवटी आली. तिचे डोळे सुजले होते. "आंटी, मी तुम्हाला सांभाळणाऱ्या बाई म्हणून लिहिलं कागदावर. मला काय बोलावं तेच..."

"मग? सांभाळतेच की," इसिल्मा म्हणाली. "धर, कप."

"खोडते मी ते."

"खोडू नको. खाली दुसरं लिही."

मिस्टर निस्बेट दुसऱ्यांदा आले. त्यांनी रिकामा कप खिडकीत ठेवला आणि जरा वेळ घुटमळले. त्यांच्या घरचे आणि ममाचे उंबरे बेटावर समोरासमोर होते.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं ते मला ठाऊक होतं."

"बोलायला हवं होतं का कधी?"

इसिल्मानं विचार केला. "नाही," ती म्हणाली. "तुमचं काय होतं त्यात बोलण्यासारखं?"

त्यांनी मान हलवली. "मग दोन पाव घेऊ का? उरलेत बघ."

"घ्या."

साडेपाचला हॉल रिकामा झाला. चर्चचा रखवालदार खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी रचत होता. मिस्टर निस्बेट गाडी दाराशी आणायला गेले होते. इसिल्मानं भांडं घासलं, ओटा पुसला, फडकी पिळून वाळत टाकली. बाहेर जायची तिला घाई नव्हती. आता मिस एडिनांशी काय बोलायचं? घरी जायचं, त्यांचे पाय कोमट पाण्यात ठेवायचे, गोळ्या द्यायच्या. शनिवारपर्यंत सहा दिवस होते आणि बॅग अर्धीच भरली होती.

हात पुसत ती हॉलात आली तर पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मोकळी. रेडिएटरवर मिस एडिनांचा कोट तसाच. इसिल्मानं तो उचलला आणि बाहेरच्या दाराकडे गेली.

मिस एडिना तिथं उभ्या होत्या. काठी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि स्वतः खांद्यानं भिंतीला टेकल्या होत्या. खुंटीवरचा इसिल्माचा कोट त्यांनी काढून दोन्ही हातांत धरला होता.

"इथं कुठं वाऱ्यात उभ्या राहिलात?" इसिल्मा म्हणाली. "या, आधी तुमचा घाला. गरम आहे."

"ठेव तो. ये इकडे."

"मिस एडिना, पडाल तुम्ही."

"ये म्हटलं ना."

इसिल्मा पुढं झाली. मिस एडिनांनी कोट उघडून धरला. हात फार वर जात नव्हते, म्हणून इसिल्मा गुडघ्यांत थोडी वाकली, दुखले तरी वाकली, आणि एक हात बाहीत घातला, मग दुसरा. मिस एडिनांनी कॉलर नीट केली. मग त्या खालच्या बटणापाशी गेल्या.

त्यांची बोटं आता सरळ होत नव्हती. चाळीस वर्षं सुई धरून ती जिथं वाकली होती तिथंच राहिली होती. स्वतःची बटणं त्यांना अकरा वर्षांत लावता आली नव्हती, ती रोज इसिल्मा लावायची. पहिलं बटण काजात जायला खूप वेळ लागला. दुसरं सटकलं, पुन्हा धरलं. रखवालदार किल्ल्या घेऊन आला, दोघींना बघून तिथंच थांबला, आणि किल्ल्या त्यानं मुठीत घट्ट धरल्या. बाहेर मिस्टर निस्बेटनी एकदा हॉर्न वाजवला आणि परत वाजवला नाही. तिसरं लागलं. चौथं लागलं. इसिल्माचे हात आपसूक वर आले होते मदतीला, ते तिनं खाली घेतले.

"वर बघ," मिस एडिना म्हणाल्या.

तिनं हनुवटी वर केली. पाचवं बटण गळ्याशी होतं, सगळ्यात अवघड तेच. मिस एडिनांचा श्वास तिच्या मानेला लागत होता. त्यांनी ते लावलं, ओढून बघितलं पक्कं बसलंय का, आणि मग दोन्ही हात तिच्या कोटावर तसेच ठेवून उभ्या राहिल्या.

कोट थंडगार होता. दुपारभर दाराशी टांगलेला, तिच्या आधी कुणी अंगात घातलेला नव्हता. इसिल्माला थंडी वाजायला लागली, आणि वाजतेय हे तिला कळलं.